बोलक्या मुंडक्याची सरू

बारामतीहून भिगवणच्या रस्त्याला लागलं, की एमआयडीसीची गर्दी विरळ होता होता डाव्या हाताला पत्र्याची एक मोठी शेड दिसते. पूर्वी तिथं खताचं गोदाम होतं. आता दारावर पाटी आहे, 'चकवा', आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, 'डोळ्यांवर विश्वास ठेवू नका'. आत एका खोलीत टेबलं-खुर्च्या छताला चिकटवलेल्या. दुसऱ्या खोलीत या कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस बुटका दिसतो आणि त्या कोपऱ्यातला ताडमाड. पुढं एक गोल फिरणारा बोगदा आहे. त्यातला पूल जागचा तसूभर हलत नाही, पण पायाखालून निसटतोय असं वाटून भलेभले पैलवान कठड्याला मिठी मारतात. रविवारी रांग लागते. सोमेश्वरनगरपासून इंदापूरपर्यंतची माणसं गाड्या करून येतात, तिकीट काढून स्वतःला फसवून घेतात आणि हसत घरी जातात.

माणसाला फसायला आवडतं, हे काही आजचं नाही. अट एकच, फसवणाऱ्यानं आधी तिकीट फाडलं पाहिजे. फुकट फसवलं तर हाच माणूस पोलिसात जातो.

हे सगळं उभं केलं ऋषिराजनं. मुलगा डाळजचा, घरी ऊस, शिकला पुण्यात. कुठंतरी परदेशात असलं घर पाहून आला आणि त्यानं वडिलांच्या मागं टुमणं लावलं. वडील म्हणाले, "आरं, लोकं दवाखान्यात जाऊन डोळं नीट करून घेत्यात, आन् तू बिघडवायचं पैसं घेनार?" पण चाललं. चांगलं चाललं.

सरुबाई इथं कामाला आहे. साठी ओलांडलेली, साडीवर कंपनीचा निळा कोट, केस घट्ट बांधलेले. सकाळी आरसे पुसायचे, आणि मग दिवसभर लोकांना कुठं उभं राहायचं ते सांगायचं. "ताई, त्या पावलाच्या खुनंवर ऱ्हावा. दादा, मोबाइल आडवा धरा. आता बगा, तुमचं मालक तुमच्या तळहातावर बसल्यात." बायका खिदळतात, मालक लाजतात, सरुबाईही हसते. मुलगा सुयोग कंपनीत आहे, घरी सून आहे, खाऊन-पिऊन ठीक चाललंय. काम तिनं हौसेनं धरलंय. सगळ्या खोल्यांमधून ती वाऱ्यासारखी फिरते. फक्त शेवटच्या खोलीत तिची चाल मंदावते.

त्या खोलीत एक टेबल आहे. टेबलावर परात, आणि परातीला मधोमध भोक. मागच्या बाजूनं आत शिरायचं, गुडघ्यावर बसायचं आणि डोकं भोकातून वर काढायचं. समोरून पाहिलं तर परातीत नुसतं मुंडकं, टेबलाच्या पायांमधून पलीकडचा पडदा स्वच्छ दिसतोय, धडाचा पत्ता नाही. लोक जिभा बाहेर काढून, डोळे फिरवून फोटो काढतात. नवरे बायकोचं मुंडकं परातीत पाहून फार खूश होतात, आणि मग बायको पाळी बदलून घेते. ऋषिराज एकदा म्हणाला होता, "मावशी, बाकीच्यांना हे टेबल समजवायला दिवस गेला, तुम्हाला एका शब्दात कळलं." सरुबाई म्हणाली, "आरसा पुसायला काय अक्कल लागती, साहेब?" आणि फडकं घेऊन पुढं गेली.

अशाच टेबलाच्या पोटात तिची तरणी वर्षं गेली, हे तिनं त्याला सांगितलं नाही. सुनेलाही पुरतं सांगितलेलं नाही.

सरू मूळची कळंबची. बाप लवकर गेला, घर थोरला भाऊ तात्याबा चालवायचा. ऊस, विहीर, दावणीला चार जनावरं. आई मुक्ताबाई कमी बोलणारी. सरू शेंडेफळ, म्हणून जरा लाडावलेली आणि कमालीची चौकस. चैत्रात शिवेवरच्या म्हसोबाची जत्रा भरायची. पाळणे, मौत का कुआ, रेवड्यांची दुकानं, आणि एका कडेला काळ्या कापडाचा तंबू. बाहेर भोंग्यावर एक पोरगेला माणूस ओरडायचा, "या, बगा, बोलकं मुंडकं! मान हाय, धड न्हाय! खोटं निघालं तर पैसं परत!"

सरूनं त्या वर्षी तीनदा तिकीट काढलं. बाकीच्या पोरी मुंडक्याकडं बघून किंचाळायच्या. ही मुंडक्याकडं बघतच नव्हती. ती टेबलाखाली बघायची. धड कुठं गेलं, एवढंच तिला हवं होतं. तिसऱ्यांदाही कळेना, तेव्हा तिनं मागून जाऊन कापड उचललं. आत ते मुंडकं पोत्यावर पाय पसरून, अख्ख्या देहानिशी भेळ खात बसलं होतं. भोंग्यावरचा पोरगा धावत आला. हा दत्तोबा. मुंडकं म्हणजे त्याची थोरली बहीण. खरं तर त्यानं सरूला हाकलायचं. तर त्यानं तिला टेबलाजवळ नेलं आणि सांगितलं, "कुनाला बोलू नगंस. ह्यात काय न्हाय, दोन आरसं हायेत. ह्या आरशात ही कड दिसती, त्या आरशात ती. दोन्हीकडं काळं कापड. मानसाला वाटतं, मागचाच पडदा दिसतोय."

सरूनं वाकून पाहिलं आणि ती खदखदून हसली. दुनियेला खोटं दाखवून पोट भरणाऱ्या माणसानं आपल्याला एकटीला खरं दाखवलं, याचीच तिला भूल पडली. पुढच्या वर्षी दत्तोबाच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि मुंडक्याची जागा रिकामी होणार होती. जत्रा उठली त्या पहाटे ट्रकमध्ये तंबूच्या गुंडाळीवर सरू बसलेली होती.

दत्तोबा परजातीचा, त्यातून फिरस्ता. तात्याबानं काठी घेऊन दोन दिवस आजूबाजूची गावं पालथी घातली. मग घरी येऊन त्यानं अंगणात बसून बहिणीच्या नावानं अंघोळ केली. जिवंत माणसाच्या नावानं अंघोळ केली, की ते माणूस त्या घराला मेलं. मुक्ताबाईलाही त्यानं बसवलं. तिच्या डोक्यावर पाणी भावकीतल्या बायकांनीच ओतलं. हे सगळं सरूला पुढं एका कासारणीकडून कळलं.

संसार वाईट झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दत्तोबा पीत नव्हता, मारत नव्हता. पण त्या धंद्याचा एक नियम होता, आणि तो दत्तोबाच्या बापानं घालून दिलेला होता. मुंडक्यानं गावात कुणाला पायावर उभं दिसायचं नाही. एकदा लोकांनी बाईला हंडा घेऊन जाताना पाहिलं, की खेळ संपला. म्हणून ट्रक अंधारात गावात शिरायचा आणि सरू ट्रकमधून थेट पडद्यामागं. जेवण पडद्यामागं, झोप पडद्यामागं, सुयोगला पाजणंही पडद्यामागंच. इंदापूर तालुक्यातल्या झाडून सगळ्या जत्रा तिनं केल्या, पण एका गावाच्या मातीत तिचं पाऊल उमटलं नाही.

दुसरी गोष्ट उत्तरांची. मुंडक्याला प्रश्न विचारायची लोकांना मुभा होती. आधी खोट्याला हसायला आलेली माणसं हळूच दोरीपाशी सरकायची आणि दबक्या आवाजात खरे प्रश्न विचारायची. हरवलेली म्हैस, लांबलेलं लग्न, न होणारं मूल. त्यावरची उत्तरं सासऱ्यानं सरूकडून घोकून घेतली होती. म्हैस असेल तर, उगवतीला शोधा. लग्न असेल तर, देवाला नारळ चुकलाय. आणि घर सोडून गेलेल्या माणसाबद्दल कुणी विचारलं, तर एकच, "आहे तिथं सुखी आहे. वाट बघू नका." सरूनं एकदा विचारलं होतं, "मामंजी, 'येईल' म्हणलं तर बिचाऱ्यांना बरं न्हाय का वाटनार?" सासरा म्हणाला, "येईल म्हनायचं, आन् न्हाय आला म्हंजी? पुढल्या साली हीच मानसं तंबू उपटाय येत्यात. वाट बघू नगा म्हनावं. त्यात कोन खोटं पाडतंय?"

तात्याबाच्या धाकानं काही वर्षं त्यांनी म्हसोबाची जत्रा टाळली. पण ती जत्रा मोठी, आणि सासऱ्याचा जीव तिच्यात अडकलेला. शेवटी एका चैत्रात तंबू तिथं लागलाच. सरूची पाचावर धारण बसली होती. दत्तोबानं स्वतःच्या हातानं तिचं तोंड रंगवलं. गालाला पिवळा, ओठाला लाल, डोळ्यांत बोट-बोटभर काजळ, कपाळ कुंकवानं भरलेलं, नाकात खोटी नथ, मानेभोवती लाल रंगाचे ओघळ. मग तो मागं सरून म्हणाला, "आता तुजी सख्खी आई आली तरी वळकायची न्हाय."

दुपारचा खेळ होता. तंबूत अंधार आणि एकच झगझगीत बल्ब, तोही सरूच्या तोंडावर. दोरीपाशी उभे असलेले चेहरे तेवढे तिला दिसायचे, त्यामागं सगळं काळं. खेळ अर्ध्यावर आला आणि दोरीपाशी हिरव्या लुगड्यातली एक बाई येऊन उभी राहिली. मुक्ताबाई.

केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती. आई आपल्याकडं बघेल, आता बघेल, म्हणून ती डोळे ताणून बसली. मुक्ताबाईनं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि नजर खाली नेली. ती दोरी धरून वाकली. टेबलाखाली बघू लागली, आणखी वाकली, कितीतरी वेळ बघत राहिली. दत्तोबानं सासूला कधी पाहिलेलंच नव्हतं. तो म्हणाला, "मावशे, दोरीच्या मागं व्हा."

मुक्ताबाई सरळ झाली. पदर डोक्यावर ओढून घेत म्हणाली, "बाई, माझी लेक घर सोडून गेलीय. तिला माघारी यायचंय का न्हाय, तेवढं सांग."

आणि सरूच्या तोंडून नाकातल्या त्या सोंगाच्या आवाजात शब्द बाहेर पडले, "आहे तिथं सुखी आहे. वाट बघू नका."

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं झालं. दिवसातून दहादा म्हटलेलं वाक्य होतं, मनाला विचारायच्या आधी जिभेनंच म्हणून टाकलं. "सुखी हाय न्हवं? मग झालं," एवढंच मुक्ताबाई म्हणाली आणि गर्दीत शिरली.

आता तुम्ही म्हणाल, तिनं हाक का मारली नाही. सांगणं सोपं आहे. तंबूत शंभर माणसं, त्यातली निम्मी कळंबची. 'आई' असा एक शब्द निघाला असता, तर काठ्या निघाल्या असत्या. मांडीवर झोपलेला सुयोगही त्याच टेबलाच्या पोटात होता. सरूनं ठरवलं, खेळ संपला की पळत जायचं. पण खेळ संपला तरी मुंडक्याला उठता येत नव्हतं. तंबू रिकामा होईपर्यंत बसून राहायचं, हा नियम. माणसं निघता निघेनात. शेवटी तिनं दत्तोबाला खुणेनं बोलावलं आणि सांगितलं, "आत्ता आलती ती माझी आई. हिरवं लुगडं. बलवून आन, कुनाला कळू न देता." दत्तोबा गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. म्हणाला, गाड्या सुटल्या, कुठं दिसली नाही. त्यानं किती शोधलं, ते त्यालाच ठाऊक. तात्याबाची काठी त्यानंही ऐकलेली होती.

त्या रात्री सरूला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आई आली, समोर उभी राहिली, आणि तिनं ओळखलं नाही. जत्रेतल्या कुठल्याही बाईसारखी ती टेबलाखालची चलाखी शोधत बसली. नऊ महिने पोटात ठेवलेल्या पोरीचं तोंड दोन पैशांच्या रंगानं झाकलं जातं? डोळे तर तेच होते ना? दत्तोबा म्हणाला, "अगं, आपला रंगच तसा हाय." त्याला वाटलं, तो तिची समजूत घालतोय.

पुढच्या वर्षी तिनं मनाशी ठरवलं होतं. या खेपेला आई दिसली, की काठ्या निघोत नाहीतर तंबू जळो, हाक मारायचीच. जत्रेचे तिन्ही दिवस ती दोरीपाशी येणारा एकेक चेहरा चाचपत राहिली. मुक्ताबाई आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी नाही. मग सरूच्या मनात रुसवा भरला. लेक सुखी आहे म्हणून कुणा परक्या मुंडक्यानं सांगितलं, आणि हिचं समाधान झालं! एकदा विचारलं, सुटली. सरू दत्तोबाला म्हणाली, "पुढल्या सालापासनं म्हसोबाची जत्रा बंद. मला त्या मातीत पुन्हा न्हेऊ नगंस." सासरा तोवर गेला होता. दत्तोबानं ऐकलं. तंबू त्या शिवेवर पुन्हा लागला नाही.

रुसवा फार वाईट. राग येतो आणि उतरतो, रुसवा घरातल्या माणसासारखा जेवायलाच बसतो. कळंब लांब का होतं? बारामतीहून एसटीनं अर्ध्या दिवसात जाऊन परत येता आलं असतं. पण सरू गेली नाही. तात्याबाचं भय हे लोकांना सांगायचं कारण होतं. खरं कारण ती मनातल्या मनातही नीट उच्चारायची नाही. जिनं ओळखलं नाही, तिच्या दारात जाऊन 'मी सरू' म्हणून ओळख काय सांगायची?

वर्षं गेली. घरोघर टीव्ही आले, मग मोबाइल आले. बोलक्या मुंडक्याला शाळकरी पोरं खडे मारायला लागली. एकानं आरसा फोडला, तेव्हा दत्तोबानं तंबू विकून टाकला आणि एमआयडीसीच्या बाजूला खोली घेऊन चहाची गाडी लावली. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुक्ताबाई गेल्याचं सरूला भिगवणच्या बाजारात कळलं, कळंबच्या एका बाईकडून, आणि तेही वर्ष उलटून गेल्यावर. 'आपल्याला मेलेली म्हणणाऱ्या घरचं सुतक आपल्याला कशाचं,' असं ती सुयोगला म्हणाली. आणि दोन दिवस जेवली नाही.

ही झाली सरुबाईची हकिगत. तिच्या लेखी ती तिथंच संपली होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

त्या दिवशी 'चकव्या'त पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या खोलीत पंचेचाळिशीची एक बाई बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी चुळबुळी, संस्कृती नावाची. आईच्या हातातून पर्स, मोबाइल, पाण्याची बाटली सगळं निसटत होतं. सरुबाईनं मुलीला मागून आत घातलं, मान नीट बसवली आणि म्हणाली, "ताई, आता समोर या. झ्याक दिसतंय."

बाई समोर आली, तिनं मोबाइल वर केला, आणि तिचा हात तसाच खाली आला. चेहरा उतरला. "संस्कृती, बाहेर ये. नको तो फोटो."

"आई, काय गं! सगळे काढतायत."

"ये म्हणलं ना बाहेर."

मुलगी फणकारत निघून उलट्या खोलीकडं गेली. बाई भिंतीला टेकली. सरुबाईनं तिला स्टूल दिलं, बाटलीचं झाकण काढून दिलं. "चक्कर आली काय, ताई? बोगद्यातनं आल्यावर व्हतं कुनाकुनाला."

"चक्कर नाही हो, मावशी." बाई ओशाळून हसली. "लहानपणचं आठवलं. आमच्या गावच्या जत्रेत असलं मुंडकं यायचं. माझी आजी मला दाखवायला न्यायची. आणि हसू नका, पण कानात सांगायची, 'ती बघ तुझी आत्या.' मला कितीतरी वर्षं वाटायचं, आपल्या आत्याला नुसतं डोकंच आहे."

सरुबाईच्या हातात बाटलीचं झाकण होतं. "कुटलं गाव म्हनायचं?" तिनं विचारलं.

"माहेर कळंब. आमचे तात्या म्हणजे तात्याबा, वारले आता. त्यांची धाकटी बहीण पळून गेली होती त्या खेळवाल्याबरोबर. मी तेव्हा जन्मलेही नव्हते."

समोर भावाची लेक बसली होती. हिचं नाव अनिता, हे सरुबाईला कासारणीनं कधीतरी सांगितलं होतं. तोंड उघडलं तर आपलं काय होईल, याची तिला खात्री वाटेना. तिनं जपून, एकेक शब्द मोजून विचारलं, "आजीनं वळखलं हुतं तिला? एवडं तोंड रंगवल्यालं असतंय."

"अहो मावशी, आई लेकीला ओळखत नाही व्हय?" अनिता म्हणाली. "तंबूत पाय ठेवल्या ठेवल्या ओळखलं म्हणायची. पण तोंडाकडं जास्त बघितलं असतं तर आजी ढासळली असती, आणि मागं भावकीतली माणसं. म्हणून खालीच बघत राहिली. पोरगी हातापायानं धड आहे का, ह्या लोकांनी तिचं काय केलंय, एवढं तिला बघायचं होतं. पाय काही दिसले नाहीत. मग उघड कसं विचारायचं, म्हणून परक्यासारखं विचारलं, माझ्या लेकीला माघारी यायचंय का. आत्या म्हणाली, वाट बघू नका."

"मंग?"

"मग काय. तिचं उत्तर आलं, म्हणायची. पण दर वर्षी मला घेऊन जायचीच. आम्ही पार मागं उभ्या राहायचो, मला उचलून दाखवायची. मी म्हणायची, आजी, पुढं जाऊ की. तर म्हणायची, 'पुढं गेलं की ती मला बगंल, आन् तिचं काम बिघडंल. येनार न्हाय म्हनली, तर न्हाय. तिकीट काडून बगायला कुनाची चोरी?' खेळ संपेपर्यंत हलायची नाही. बाहेर आलं की मला रेवड्या, आणि तात्यांना सांगू नको म्हणून ताकीद."

सरुबाई टेबलाला धरून उभी होती. खोलीत दोन पोरं शिरली, तिनं त्यांना हातानंच बाहेर काढलं. दर वर्षी. आपण दोरीपाशी चेहरे चाचपत होतो, तेव्हा आई त्याच तंबूत, त्याच अंधारात उभी होती. तिन्ही वर्षं. आणि आपण तिच्यावर रुसून बसलो.

"आणि एके वर्षी गेलो, तर तंबूच नाही," अनिता सांगत होती. "आजीनं पाळणेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्यांनी ही जत्रा सोडली. तंबू लागायचा त्या जागेवर आजी दुपारपासून बसून राहिली. मला वाटलं, ऊन लागलं. घरी येताना म्हणाली, 'गर्दीत तिनं बगितलं असंल मला. माज्यापायीच गेली.' मरेपर्यंत तेच धरून बसली होती, मावशी. शेवटी शेवटी तर कुणी उंबऱ्यात उभं राहिलं, की म्हणायची, बाजूला सरा, पोरगी मला बघून परत जाईल."

"न्हाय गं," सरुबाई म्हणाली.

अनितानं वर पाहिलं.

"न्हाय गं, तसं नव्हतं. दिवा माज्या तोंडावर असायचा. मागचं सगळं काळं दिसायचं. मी हुडकत हुते, दर साली हुडकत हुते तिला. म्हनलं, मला इसरली. म्हनून म्याच दत्तोबाला म्हनले, ती जत्रा सोड."

अनिता स्टुलावरून उठली. आधी तिला काही कळलं नाही, मग एकदम कळलं. तिचे ओठ हलले, 'आत्या' असा काहीसा शब्द आला, पण पुरता आला नाही. बाहेर रांगेत कुणीतरी हसत होतं, कुणाचं तरी पोर आरशात स्वतःला शंभरदा पाहून ओरडत होतं. सरुबाईनं भाचीचे दोन्ही दंड घट्ट धरले. तिला तिथं अनिता दिसतच नव्हती. चाळीस वर्षं ज्या बाईवर ती रुसली होती आणि जी बाई आपण लेकीला नकोशी झालो समजून मेली, तिला ती सांगत होती, आणि सांगून काही उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं.

"मला दिसलीच न्हाईस गं," ती म्हणत राहिली. "आयशप्पत, दिसली न्हाईस."